अंजिराला झोप येईना

जानेवारी सरत आला तरी अंजिराचं एक पान पिवळं पडलं नव्हतं. उलट शेंड्याला नवी पालवी डोकावत होती. सिंधुताई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या, हट्टी लेकराकडे बघावं तशा.

नवरा स्टील प्लांटमधून रिटायर झाला होता; सेक्टर दहाचं कंपनीचं क्वार्टर महिनाअखेरीस, आठ दिवसांत रिकामं करायचं होतं. सामान बांधून झालं, हुडको कॉलनीतल्या नव्या घराला रंगही लागला. अडलं होतं ते अंगणातल्या या डोक्याइतक्या उंच झाडापाशी. थंडी पडली की अंजीर पानं गाळून झोपतं. तेव्हाच त्याला मुळांसकट उचलावं. जागेपणी उचललं तर बहुतेक जगत नाही. एरवी डिसेंबरात निमूट झोपायचं. यंदा भिलाईत स्वेटर पेटीतून निघालेच नाहीत, मग झाडाला तरी कोण सांगणार?

"राहू दे न वं," पुंडलिकराव ओसरीतून म्हणाले. "तिकडं नवं लावू."

"रोशनीच्या बारशाले लावलं हे. तिले कावून नाही म्हणत, जाऊ दे, नवी नात आणू?"

सिंधुताई आत गेल्या. बांधलेलं गाठोडं सोडून त्यांनी जुनी काळी घोंगडी काढली. पुंडलिकराव प्लांटमधून नाइट शिफ्ट करून आले की हीच दिवसभर खिडकीवर टांगलेली असायची, आणि पोरं चपला हातात घेऊन घरात फिरायची. आता ती त्यांनी कपड्यांच्या तारेवर, अंजिराच्या उन्हाच्या बाजूला टाकली. झाडाचं पाणी तर त्यांनी पंधरा दिवसांपासून तोडलंच होतं.

"अवं, झाडाले का समजते घोंगडी?"

"तुमाले तरी का समजत होतं? भर दुपारी बारा वाजता घोरत होते न!"

पुंडलिकराव हसले. मग उठून जवळ आले. घोंगडीला एक भोक होतं. त्यातून ऊन नेमकं कोवळ्या पालवीवर पडत होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढून तिथं खोचला.

"टेंपोवाल्याले एकतीस तारखेचं सांगून येतो," ते म्हणाले. "संध्याकाळचं. झाडाले झोपाले तेवढाच एक दिवस जास्त भेटन."

सिंधुताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

पुंडलिकरावांनी फाटकाची कडी दोन्ही हातांनी धरून हळूच काढली. स्कूटर स्टँडवरून उतरवली आणि किक न मारता, ढकलत ढकलत, पार कोपऱ्यापर्यंत नेली.