भेगेतला पांढरा रंग

जुन्या रुळाचा तुकडा घंटा म्हणून रेल्वेच्या मोडीच्या आगारात टांगला होता आणि विभागाचे मोठे साहेब तिच्यावर पहिला ठोका देणार होते. तुकडा कौसल्येने निवडला होता. नवरा गेल्यावर त्याच्या जागी नोकरीला लागून ती दोन वर्षे येथेच मोडीतले रूळ निवडत होती आणि मनात डूख धरून होती.

साहेबांनी हातोडा हाणला. घणघणण्याऐवजी रूळ नुसता बद्द वाजला. जमलेली माणसे तोंडावर हात धरून हसू लागली.

आगारप्रमुख सबनीसांचा संताप अनावर झाला. “बाई, अक्कल गहाण टाकलीत? तडकलेला रूळ ठोकला की असाच वाजतो, एवढेही कळू नये?”

“कळते की, साहेब. मग तीन वर्षांपूर्वी हाच रूळ पुन्हा वापरायला पास केलात, तेव्हा ठोकून नाही पाहिलात?”

सबनीसांचा चेहरा उतरला. त्याच रुळावर ढकलगाडी उलटून तिचा नवरा गेला होता, आणि ‘रूळ निर्दोष होता, गाडी त्यानेच भरधाव सोडली’ असे चौकशीत सबनीसांनीच लिहून दिले होते.

“भेग अपघातात पडली असेल,” ते पुटपुटले.

“मग पास केल्याची खूण म्हणून तुम्ही फासलेला पांढरा रंग भेगेच्या आत कसा उतरला?”

मोठे साहेब चष्मा सावरून भेगेवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. कौसल्येने हातोडा उचलून सबनीसांपुढे धरला.

“ठोका, साहेब. तेव्हाचे राहिले आहे.”