करकर

पुस्तकं मिटायला लावून अनुजाबाईंनी चौथीच्या पोरांना सवाल टाकला, "आवाज लांब जाता जाता किती पावलांवर संपतो? मी सांगणार न्हाय. आज तुम्हीच शोधायचं."

प्रयोगाला शिपाई गणपतमामांची कोल्हापुरी चप्पल. नवी कोरी, पाऊल टाकलं की कर्रकर्र! मामा वर्गातून फाटकाकडं चालत जाणार. राजवीर मागनं पावलं मोजणार, दर दहाला हात वर करणार. बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं.

"करकर यायची बंद झाली की खाली बसायचं. लबाडी केलासा तर बघा!"

शेवटच्या बाकावरची मदिहाही उठली. महिन्यापूर्वी बाईंनीच तिला पहिल्या बाकावरून मागं धाडलेलं. पाठीमागून हाक मारली तर ढिम्म, समोरून बोललं तर नुसती तोंडाकडं बघत बसायची. आगाऊ पोरगी, दुसरं काय! आज दुपारी तिच्या आईलाही बोलावलेलं, चांगली कानउघाडणी करायला.

मामा निघाले. वीस पावलांवर पाच-सहा जण बसले. चाळीसवर निम्मा वर्ग. साठाव्या पावलाला संयोगिता बसली आणि मदिहा एकटी उभी राहिली.

"आरारारा, काय कान हायत हिचं!" विश्वजित ओरडला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बाईंनाही कौतुक वाटलं. लक्ष दिलं की जमतंय की हिला!

मामांनी फाटकाशी चप्पल काढली, हातात घेतली आणि अनवाणीच परत येऊन दारात उभे राहिले. मदिहा अजून उभीच.

"मदिहा, जिंकलीस की गं! बस आता."

ती हलली नाही. टाळ्या थांबल्या.

"मदिहा!"

बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की शेजारच्या वर्गातले पाढे बंद पडले. मदिहा भिंतीकडं तोंड करून तशीच उभी होती.

बाईंना एकदम उमगलं. अगं बाई गं! महिनाभर आपण हिला मागं बसवली? त्या धावत गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मदिहा दचकून वळली. नेहमीसारखी बाईंच्या ओठांकडं बघत तिनं हळूच विचारलं,

"बाई, मामा अजून निघालं न्हाईत व्हय?"