मराठीत बोल

सादिकुल बंगालातल्या मालद्याचा. पाली गावात फरशी बसवायचं काम करायचा आणि सिंधुबाईंच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचा. त्याला फोनवर आईशी बंगालीत बोलताना गल्लीनं ऐकलं आणि कुजबुज सुरू झाली. एका संध्याकाळी गल्लीतला उत्तरेश्वर चार गडी घेऊन दारात आला.

"मावशी, बांगलादेशी ठिवलाय कावून घरात?"

"आपल्याच देशातला हाय तो, बंगालातला."

"मग भाषा तिकडची कशी?"

"दोन्हीकडं तीच बोलत्यात म्हनं."

"आमाला नका शिकवू. उद्या ठान्यात नेऊन देतो त्याला."

तेवढ्यात सादिकुलचा फोन वाजला. त्याची आई तापानं अंथरुणाला खिळली होती आणि सकाळपासून त्याच्याच नावाचा धोशा लावून बसली होती, हे सिंधुबाईंना ठाऊक होतं. तो फोन घेऊन आत वळला, तसा उत्तरेश्वरनं त्याचा हात धरला.

"हितंच बोल. स्पीकर लाव, अन् मराठीत बोल बे."

सादिकुलनं सिंधुबाईंकडं पाहिलं. पोराचं बिऱ्हाड उठू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"बोल बाबा," त्या म्हणाल्या. "जातंय काय आपलं?"

"आई, मी बोलतोय. कशी हायेस? मी येतो, आई."

"आपल्यावानीच बोलतंय की!" एक गडी हसला.

फोनमधून म्हातारीचा धाप लागलेला आवाज पुन्हा पुन्हा एकच काहीतरी विचारत राहिला. मग तो आवाज थांबला.

"काय म्हनत होती रे?" उत्तरेश्वरनं विचारलं.

सादिकुल फोनकडं बघत म्हणाला, "कोन बोलतंय, म्हनत होती."