फिरतं स्टेज

गाडी गेली आणि फोटो पुन्हा फसला.

“आगं, अशी कशी फिरवतीस?” जोतीराम कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत म्हणाला. “हे बघ. माणूस हाय का भूत, कायबी कळंना.”

नकोशीने वाकून पाहिलं. लाल-पिवळा, लांबच लांब फराटा. त्या फराट्यात आपला धाकटा दीर सूरज आहे, असं समजून घ्यायचं.

मोरगावकडच्या माळावर मोटारसायकलींच्या शर्यती चालल्या होत्या. मुरमाचे उंचवटे, वळणावर रचलेले जुने टायर, आणि घसा फोडून ओरडणारी, बारामतीहून आलेली पोरं. एवढ्या गर्दीत व्हीलचेअरवर बसलेला जोतीराम एकटाच, आणि ती खुर्चीही ठेवलेली कशावर, तर लग्नात नवरा-नवरी ज्यावर उभे राहतात त्या फिरत्या स्टेजवर. येणारा-जाणारा हसल्याशिवाय राहत नव्हता. “जोतीराव, नवरी कुठाय?” असं एकाने विचारलंसुद्धा. नवरी मागे खुर्चीच्या मुठी धरून उभी होती, पण तिला हसू येत नव्हतं.

दिसायला खुळेपणा असला तरी त्यात अक्कल होती. पळत्या गाडीचा फोटो झटक्यात टिपला, तर उडालेलं ढेकूळ न् ढेकूळ दिसतं, पण गाडी आपली पंपावर पेट्रोलला उभी केल्यासारखी. वेग दाखवायचा तर शटर सावकाश मिटू द्यायचं, आणि तेवढा वेळ कॅमेरा गाडीबरोबर फिरवत न्यायचा. मग गाडी स्वच्छ येते आणि मागचं सगळं पळतं. त्यासाठी माणूस कमरेतून वळायला हवा. जोतीरामची कमर दोन वर्षांपूर्वी याच माळावर, अशाच शर्यतीत गेली होती. खुर्ची नुसती फिरवावी, तर चाकं मुरमात अडकून धक्के बसायचे. म्हणून मंडपवाल्या साडूकडून त्याने हे स्टेज आणलं, त्याची मोटर काढली आणि फिरवायचं काम बायकोकडे दिलं.

गाडीवर नजर ठेवून खुर्ची फिरवायची, एवढंच ते काम. आणि नेमकं तेच तिच्याने होत नव्हतं. सूरज जवळ आला की ती डोळे मिटायची.

चौथी पोर झाली म्हणून बापाने तिचं नाव नकोशी ठेवलं होतं. घरची मेंढरं होती तेव्हाची गोष्ट. एका कोकराला तिने डोळे भरून पाहिलं, “किती ग्वाड हाय” म्हणाली, आणि सकाळी ते मेलेलं सापडलं. चुलतीने निकाल देऊन टाकला, हिची नजर वाईट. तेव्हापासून जे आवडेल त्याच्याकडे बघायचं नाही, असा तिचा नेमच झाला. लग्नानंतर जोतीरामच्या शर्यतीला ती यायची, पण पाठ करून बसायची. एकदाच मोह झाला. वळून पाहिलं, आणि तो पडला. हे तिने आजवर कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. सूरजच्या गाडीला मात्र शर्यतीआधी न चुकता लिंबू-मिरची बांधायची.

“जाऊ दे,” जोतीराम म्हणाला आणि गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढू लागला. “आपल्याच्यानं व्हायचं न्हाय हे. इकून टाकतो उद्या. बसतो पुन्हा भिंतीकडं बघत.”

पडल्यानंतर तो वर्षभर खरंच भिंतीकडे बघत बसला होता. कॅमेरा हातात आला तेव्हा कुठे माणसात आला. ते दिवस पुन्हा तिला सोसणार नव्हते.

“अवो, तुमचं कायबी चुकत न्हाय,” ती म्हणाली. “मीच डोळं मिटती. माझी नजर वाईट हाय. त्या दिशी मी बघितलं, म्हणून तुमी पडलासा.”

जोतीरामचा हात पट्ट्यावरच थांबला.

“त्या दिशी मी पल्याडच्या वळणाला गाडीखाली अडकलो हुतो,” तो म्हणाला. “धुरळ्यात कुणालाच दिसलो न्हाय. समदी पुढच्या गाडीकडं बघत हुती. मागनं आणखी गाड्या येत हुत्या, अन् तू पदर हालवत, त्यास्नी अडवत पळत आलीस. तू बघत नसतीस तर मी आज हितं असतो का?”

त्याचं पडणं नकोशीला रोज आठवायचं. आपण धावलो होतो, हे मात्र कधी तिच्या हिशेबातच आलं नव्हतं.

तेवढ्यात उंचवट्यामागून इंजिनचा आवाज आला. “आला!” म्हणत जोतीरामने कॅमेरा डोळ्याला लावला. नकोशीच्या पापण्या सवयीने मिटायला आल्या. तिने त्या मिटू दिल्या नाहीत. पिवळा शर्ट, लाल गाडी, पुढे झुकलेले खांदे. त्या कोकराला पाहिलं होतं तसं तिने सूरजला डोळे भरून पाहिलं. हात आपोआप फिरले. गाडी समोरून गेली, वळणावर कलली, सावरली आणि सुखरूप पुढे निघून गेली.

पडद्यावर सूरजच्या हातमोज्याची शिवणसुद्धा दिसत होती. मागचे टायर, माणसं, माळ, सगळ्याचे नुसते पट्टे झाले होते. “पळतीया गं गाडी, पळतीया!” जोतीराम हसत होता आणि मनगटाने डोळे पुसत होता. पट्टा पुन्हा गळ्यात होता.

शेवटच्या शर्यतीआधी सूरज गाडी ढकलत तिच्याकडे आला.

“वैनी, लिंबू-मिरची कुठंतरी तुटून पडली बघा. दुसरी बांधता का?”

दुसरी पिशवीत होती. नकोशीने पिशवीला हात लावला नाही. पदर खोचला आणि खुर्चीच्या मुठी धरल्या.

“जावा भावजी, बिनघोर जावा,” ती म्हणाली. “मी बघती हाय तुमच्याकडं.”