उजवीकडची वाट

"सालोमी, डावीकडे जातंय कोण?" पियुषने खुर्चीत मागे रेलून विचारलं.

सालोमी त्याच्या पडद्यावर बोट ठेवून उभी होती. पडद्यावर पियुषचा नकाशा होता: गुरूच्या एका चंद्रावरची ओसाड खाण, मधोमध लांबलचक पूल आणि सगळं मोजक्या त्रिकोणांतून उभं केलेलं, कागद दुमडून केल्यासारखं. इंटरनेटवरून कुठून कुठून जोडले गेलेले खेळाडू इथे येऊन एकमेकांवर गोळ्या झाडणार होते. सालोमीचं म्हणणं एवढंच, की पुलाच्या पायथ्याशी डावीकडे वळलेला माणूस वरच्या चौथऱ्यावरून हमखास टिपला जातो, तेव्हा तिथे एखादा आडोसा हवा.

पियुषकडे यावर तयार सिद्धांत होता. घाबरलेला माणूस उजवीकडेच पळतो. म्हणून त्याने उजवीकडची वाट नटवली होती. तिथे खांब होते, पेट्या होत्या, वळणावर चांगलीशी बंदूकही होती. डावी बाजू त्याच्या लेखी नसल्यातच जमा.

"बघ बाबा," म्हणून सालोमी आपल्या जागेवर जाऊन बसली.

सांडोरला केळीच्या वाडीला लागून स्टॅनी सरांचं घर होतं आणि त्याच्या माडीवर त्यांचा हा खेळ तयार होत होता. आता त्यात एकाच नकाशाची जागा उरली होती. पियुष आणि सालोमी, दोघांपैकी ज्याचा नकाशा निवडला जाईल तोच पुढच्या खेळाचा मुख्य. पियुषला ते पद मनापासून हवं होतं, आणि ते आपलंच आहे याची खात्रीही होती. विरारला घरी त्याने हे आईच्या कानावर घातलं होतं. सुनंदाबाईंनी ते सगळ्या बिल्डिंगच्या कानावर घातलं होतं. त्यामुळे आता माघार घ्यायची सोय नव्हती.

स्टॅनी सरांच्या तऱ्हा सगळ्यांना माहीत होत्या. चाकांची खुर्ची त्यांना चालत नसे. टेबलावर वाडीतल्या केळ्यांचा फणा कायम असे. समोरच्या भिंतीवर वडिलांचा दाढीचा आरसा टांगलेला असे, आणि कुठलाही नकाशा ते पडद्याकडे पाठ करून त्या आरशात बघत. आपल्या आवडत्या गोष्टीला डोळे फार लवकर सरावतात, असं ते म्हणत. पियुषला ते सगळं जुन्या माणसाचं खूळ वाटे.

चाचणीची त्यांची पद्धतही ठरलेली होती. दोन्ही नकाशांचे मूळ रंग उतरवून नवे चढवायचे, म्हणजे रंगावरून कोणी कोणाचं काम ओळखू नये. मग प्रत्येकाला एकेक नकाशा खेळायला द्यायचा. खेळणारा जे सांगेल तो शब्द शेवटचा.

"कोणाला कुठला दिलाय, ते मी सांगणार नाही," स्टॅनी सर म्हणाले.

सांगायला कशाला हवं, पियुषला वाटलं. आपली उत्तरपत्रिका कोणी आपल्यालाच तपासायला देतं का? त्याने हेडफोन चढवले आणि सालोमीच्या नकाशात उतरला.

जांभळ्या भिंती, पिवळं आकाश, मधोमध पूल. पूल बघून त्याला हसू आलं. माझीच कल्पना उचलली की हिने. राग आला नाही, उलट छाती थोडी फुगलीच. पायथ्याशी पोचताच समोरून गोळ्या आल्या. पियुष उजवीकडे वळला आणि वरून टिपला गेला. पुन्हा आला, पुन्हा उजवीकडे वळला, पुन्हा मेला. लपायला एक खांब नाही, पेटी नाही. नंतर तर बाहेरचे खेळाडू वर दबा धरूनच बसले आणि त्याला येईल तेव्हा टिपत राहिले.

त्याने हेडफोन काढले तेव्हा कान लाल झाले होते, पण मन खूश होतं. इतकं सोपं जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

स्टॅनी सरांनी आधी सालोमीला विचारलं. मजा आली, पण शिडी अरुंद आहे, दोघं एकदम चढले की अडकतात, तेवढी रुंद करावी, असं ती म्हणाली. पियुष क्षणभर गोंधळला. आपल्या नकाशात शिडी कुठे आहे? मग त्याच्या लक्षात आलं, ही आपल्या उताराला शिडी म्हणत असणार. ती म्हणेल ते खरं. नकाशा आवडला ना, झालं तर.

"आणि तुझं?" सरांनी त्याच्याकडे वळून विचारलं.

पियुषने हातचं काही राखलं नाही. पूल चांगला आहे, पण तो उसना वाटतो. पायथ्याशी वळलेल्या माणसाला जगायची संधीच नाही. ज्याने हे केलं त्याने खेळणाऱ्याचा विचार केला नाही, स्वतःचाच केला. बोलताना त्याने सालोमीकडे बघणं टाळलं. तिचं वाईट वाटत होतं, पण खरं ते खरं.

"आडोसा घातला तर सुधारेल?" सरांनी विचारलं.

"नाही सर. ज्याला एवढं दिसलं नाही, त्याच्या हातात पुढचा खेळ देऊ नका."

"नक्की?"

"नक्की."

सालोमी काहीतरी बोलायला गेली. सरांनी हातानेच तिला थांबवलं. मग फण्यातलं एक केळं मोडून त्यांनी पियुषच्या हातात दिलं, त्याला खांद्याला धरून पडद्याकडे पाठ करून उभं केलं, आणि मागे हात नेऊन एक बटण दाबलं. जांभळ्या भिंती गेल्या, पिवळं आकाश गेलं, जुने रंग परत आले; चाचणीसाठी डावं-उजवं उलटवलेला नकाशा पडद्यावर तसाच राहिला.

समोरच्या आरशात गुरूच्या चंद्रावरची ओसाड खाण होती, मधोमध लांबलचक पूल होता, आणि तो चौथरा डावीकडे होता, जिकडे कोणी जातच नाही.