शंभर नंबरी पत्रा

"सांगून कुणाला पटायचं नाही," म्हणत मामांनी कालच रंगवलेल्या व्हॅनच्या दारावर थाप मारायला हात उचलला आणि ऐनवेळी तो मिशीवरून फिरवला. "वीस वर्षांत हिला गंज शिवलेला नाही. एकदा आठवडाभर समुद्रात पडली होती. समुद्राला गंज चढला, हिला नाही!"

'आज हे भंगार दारातून हललं नाही, तर मी माहेरी निघाले,' असं मामींनी सकाळीच बजावलं होतं. गाडी विकत घ्यायला आलेला भोळा भाचा मान डोलावत होता. किल्लीसाठी त्याने हातही पुढे केला. भाचेसून मात्र केव्हाची व्हॅनच्या दाराशी उकिडवी बसून खालच्या कडेकडे टक लावून बघत होती. मामा घाईने तिच्याकडे सरकले.

"काय गं, भोकं शोधतेस? भिंग आणून देऊ? अगं, अख्खा पत्रा कंपनीचा आहे. एक ठिगळ दाखव, गाडी फुकट घेऊन जा!"

"ठिगळ नाही हो मामा, मुंग्या बघतेय," ती म्हणाली.

 

"तुमच्या कंपनीच्या पत्र्यातून कणीक घेऊन चालल्यात."