रंग बेमालूम बसला

चॅनेलच्या मेकअप रूममध्ये आधी आला राजकीय विश्लेषक. कॉलेज सोडून फार दिवस झाले नसावेत, गालावर अजून मुरुमं होती. म्हणाला, "ताई, कानशिलांवर जरा पांढरं मारा ना. नाहीतर लोक मनावर घेत नाहीत हो." मारलं.

मग बांधकाम खात्याचे इंजिनिअर आले. निवृत्तीला टेकलेले, सगळी हयात पुलांची देखभाल करण्यात गेलेली. कसनुसं हसत म्हणाले, "केस काळेभोर करून टाका. खातं तरुणांच्या हाती दिलंय, असं मंत्र्यांनी परवाच जाहीर केलंय. वरून तंबी आहे, वय कळता कामा नये." तेही केले.

चर्चा सुरू झाली. इंजिनिअर जीव तोडून सांगत होते, "नदीवरच्या पुलाचा खांब खचलाय. आजच्या आज वाहतूक थांबवायला हवी."

विश्लेषक खुर्चीत मागे रेलला. "अहो, तुम्ही अजून तरुण आहात, म्हणून घाबरता. आम्ही असे कैक पूल बघितलेत. जरा अनुभव घ्या, मग बोला."

इंजिनिअरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तंबी आठवून मिटलं. "हे झाले अनुभवाचे बोल!" म्हणत अँकरनं चर्चा आटोपली. पूल बंद करायचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

दोघांचाही रंग इतका बेमालूम बसला होता की प्रोड्यूसरनं येऊन माझी पाठ थोपटली.

 

माझी घरी जायची बस त्याच पुलावरून जाते.